सिनेमाची फिल्म स्थिर कॅमेऱ्यात वापरायची असेल, तर ती धुणार कशी हे आधी ठरवा

विचारलेला प्रश्न असा आहे: सिनेमाच्या चित्रीकरणासाठी तयार होणारी ३५ मिमीची रंगीत निगेटिव्ह फिल्म, विशेषतः कोडॅकची व्हिजन३ ५००टी, मोठ्या रिळातून कापून साध्या ३५ मिमी कॅमेऱ्यात भरता येईल का, ती नेहमीच्या रंगीत लॅबमध्ये धुवायला देता येईल का, मीटरवर आयएसओ किती ठेवावा, आणि छायाचित्रे खरोखरच सिनेमासारखी दिसतील का. फिल्म कॅमेऱ्यात भरता येईल. नेहमीच्या लॅबमध्ये मात्र देऊ नये. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे ती फिल्म तुम्ही कोणत्या रसायनात धुणार आणि त्या निगेटिव्हचे पुढे काय करणार, यावर अवलंबून आहेत. बहुतेक जण फिल्म आधी मिळवतात आणि धुण्याचा विचार मागाहून करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, आणि तो का, हे सविस्तर सांगतो.

कॅमेऱ्याबद्दल शंका बाळगण्याचे कारण नाही, कारण ३५ मिमीचा स्थिर कॅमेरा मुळात सिनेमाच्या फिल्मवरच उभा राहिला. ऑस्कर बार्नाक यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लाइट्झ कंपनीत बनवलेल्या नमुन्यात सिनेमाचीच फिल्म वापरली होती. ती उभी न चालवता आडवी चालवून त्यांनी चार छिद्रांऐवजी आठ छिद्रांची, २४ × ३६ मिमीची फ्रेम घेतली, आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आल्यावर तेच माप रूढ झाले. आज दोन्ही फिल्मच्या छिद्रांत किंचित फरक असतो. सिनेमाच्या कॅमेरा निगेटिव्हवर बेल अँड हॉवेल पद्धतीची, वक्र बाजूंची छिद्रे असतात आणि त्यांच्यातले अंतर ४.७४ मिमी असते. स्थिर कॅमेऱ्याच्या फिल्मवर गोलसर कोपऱ्यांची आयताकृती छिद्रे ४.७५ मिमी अंतरावर असतात. सिनेमा कॅमेऱ्यातल्या अचूक पिनांना हा फरक महत्त्वाचा वाटतो, स्थिर कॅमेऱ्याच्या दातेरी चाकाला तो जाणवतही नाही.

खरी अडचण फिल्मच्या पाठीवर आहे. व्हिजन३ च्या आजवर तयार झालेल्या बहुतेक साठ्यावर बेसच्या, म्हणजे फिल्मच्या पारदर्शक पट्टीच्या, मागच्या बाजूला रेमजेट नावाचा काळाकुट्ट थर असतो. अल्कलीत मऊ होणाऱ्या बंधक पदार्थात कार्बनचे सूक्ष्म कण मिसळून तो दिलेला असतो, आणि तो एकाच वेळी अनेक कामे करतो. इमल्शन, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील थर, पार करून आलेला प्रकाश तो शोषून घेतो, त्यामुळे तो प्रकाश बेसच्या मागच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन तेजस्वी वस्तूभोवती वलय उमटवत नाही. शिवाय सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने धावणाऱ्या फिल्मवर स्थिर विद्युत साचू न देणे, घर्षण कमी करणे आणि बेसवर ओरखडे पडू न देणे हेही त्याच थराचे काम आहे. सिनेमाच्या लॅबमध्ये चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी क्षारयुक्त प्रीबाथ असतो आणि त्यानंतर पाण्याचे जोरदार फवारे हा थर धुऊन टाकतात. सी-४१ या, साधी रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेच्या यंत्रात अशी सोय नसते. तिथला डेव्हलपर अल्कधर्मी असल्यामुळे तो रेमजेट सैल करतो, पण वाहून नेत नाही. मग तो कार्बन रोलरवर बसतो, टाक्यांत साचतो आणि तुमच्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या लग्नाच्या रोलवर चिकटतो. म्हणून असा रोल न सांगता लॅबमध्ये देणे मला अक्षम्य वाटते. देण्यापूर्वी लॅब ईसीएन-२, म्हणजे सिनेमाच्या निगेटिव्हसाठीची प्रक्रिया, करते का, आणि रेमजेट काढण्याची सोय तिच्याकडे आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे.

आता रसायनाकडे वळू, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘रेमजेट काढला की ती साधीच रंगीत निगेटिव्ह, मग सी-४१ मध्ये धुवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. चित्र त्यातून मिळते, हे खरे. पण ही दोन रसायने एकमेकांचे पर्याय म्हणून बनलेली नाहीत. ईसीएन-२ चा डेव्हलपर सीडी-३ या द्रव्यावर चालतो, ४१.१ अंश सेल्सिअसला तीन मिनिटे. सी-४१ चा डेव्हलपर सीडी-४ वर, ३७.८ अंशांना सव्वातीन मिनिटे. रंगीत फिल्ममध्ये रंग तयार होतो तो डेव्हलपरचे ऑक्सिडीभूत द्रव्य आणि थरातले कपलर (रंग घडवणारी रसायने) यांच्या संयोगातून. डेव्हलपर बदलला की तयार होणारा रंगद्रव्याचा रेणूच बदलतो, आणि फिल्म बनवणाऱ्याने हिशेबात धरलेल्या छटेपेक्षा वेगळी छटा मिळते. त्यातच सी-४१ मध्ये कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि तो तिन्ही थरांत सारखा वाढत नाही. परिणामी सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजळ भाग दुसऱ्याच रंगाकडे. असा दुहेरी झुकाव एखाद्या फिल्टरने किंवा एका सरकपट्टीने सुधारत नाही. सावल्या सुधारायला गेले की चेहऱ्याचा उजळ भाग बिघडतो. काहींना तो परिणाम आवडतो आणि जाणूनबुजून निवडला तर त्यावर माझा आक्षेप नाही. पण तो या फिल्मचा स्वभाव आहे असे समजून कोणी तिच्याबद्दल मत बनवू नये.

कॉन्ट्रास्टचा मुद्दा आणखी खोलात जाऊन समजून घ्यायला हवा, कारण फिल्मचे सगळे वागणे त्यातून उलगडते. सिनेमाची निगेटिव्ह ही अर्धीच व्यवस्था आहे. तिचा उतार (गॅमा), म्हणजे प्रकाश वाढेल तसा निगेटिव्हचा गडदपणा किती वेगाने वाढतो ते प्रमाण, मुद्दाम कमी ठेवलेला असतो, ढोबळमानाने ०.५ च्या थोडा वर, कारण पूर्वी ती अतिशय तीव्र उताराच्या पॉझिटिव्ह फिल्मवर छापली जाणार होती आणि अंधाऱ्या सभागृहात पडद्यावर दिसणार होती. आज ती मुख्यतः स्कॅन होऊन संगणकावर रंगनियोजनाला जाते, आणि तिथेही कमी उतार उपयोगीच पडतो, कारण प्रकाशाचा मोठा पल्ला थोड्या घनतेत सामावतो. सी-४१ च्या निगेटिव्हचा उतार यापेक्षा जास्त असतो, कारण ती रंगीत कागदावर थेट छापली जावी, या हेतूने बनलेली असते. म्हणून ईसीएन-२ मध्ये नीट धुतलेली निगेटिव्ह तुम्ही रंगीत एन्लार्जिंग कागदावर छापली, तर चित्र फिके आणि सपाट येईल, आणि दोष ना फिल्मचा असेल, ना तुमच्या हाताचा. डार्करूममध्ये कागदावरच प्रिंट काढणे हे ज्यांचे अंतिम उद्दिष्ट आहे, त्यांना मी ही फिल्म सुचवत नाही. ज्यांचा शेवट स्कॅनवर होतो, त्यांच्यासाठी मात्र ती विलक्षण समृद्ध साहित्य आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिएटल फिल्मवर्क्स ही कंपनी सिनेमाची निगेटिव्ह कॅसेटमध्ये भरून टपालाने विकत असे आणि एकाच रोलमधून कागदी प्रिंट व स्लाइड दोन्ही देत असे. स्लाइड देणे सहज जमत होते ते याच कारणाने: त्या निगेटिव्हची खरी जोडीदार पॉझिटिव्ह फिल्मच होती.

स्कॅन करतानाही सवय बदलावी लागते. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधली तयार निगेटिव्ह प्रोफाइल सी-४१ च्या केशरी मुखवट्याला (निगेटिव्हभर दिसणाऱ्या केशरी छटेला) आणि तिच्या उताराला अनुसरून केलेली असतात. सिनेमाच्या निगेटिव्हला ती लावली की एक तर चित्र मळकट दिसते, किंवा सॉफ्टवेअर आपणहून कॉन्ट्रास्ट खेचून उजळ भाग कापून टाकते. सगळे स्वयंचलित पर्याय बंद करून, १६ बिटमध्ये, कुठलेही टोक न कापता स्कॅन घ्यावा. मग लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक चॅनेलचा काळा आणि पांढरा बिंदू स्वतंत्रपणे बसवावा, आणि शेवटी कॉन्ट्रास्ट वक्राने चढवावा. पहिल्या नजरेला सपाट दिसणारे ते स्कॅन पाहून निराश होऊ नये. ‘सिनेमासारखे’ दिसणे कुठून येते, याचेही उत्तर इथेच आहे. त्यातला मोठा वाटा प्रकाशयोजनेचा, लेन्सचा आणि नंतरच्या रंगनियोजनाचा असतो. फिल्म स्वतः शांत, संयत आणि तटस्थ असते, जेणेकरून पुढच्या माणसाला काम करायला वाव राहील. त्वचेच्या छटांमधले सावकाश होणारे संक्रमण आणि उजळ भागात न तुटणारा तपशील ही तिची स्वतःची देणगी आहे, आणि माझ्या दृष्टीने ही फिल्म वापरण्याचे तेवढे एकच कारणही पुरेसे आहे.

ग्रेनबद्दल, म्हणजे चित्रात दिसणाऱ्या कणांबद्दलही, एक गोष्ट लक्षात ठेवावी. पडद्यावर सेकंदाला २४ वेगवेगळ्या फ्रेम सरकतात, प्रत्येकीतली कणांची रचना निराळी असते, आणि डोळा त्यांची सरासरी काढतो. स्थिर चित्रात ती सोय नसते. एका फ्रेमचे कण आहेत तसे दिसतात. त्याची भरपाई फ्रेमच्या आकाराने होते, कारण २४ × ३६ मिमीचे क्षेत्रफळ सुपर ३५ या सिनेमाच्या फ्रेमच्या जवळजवळ दुप्पट आहे. ५००टी पुरेसा प्रकाश देऊन वापरली तर तिचे कण खटकत नाहीत. कमी प्रकाश मिळालेल्या सावल्यांत मात्र ते लगेच वर येतात.

घरी धुण्याची तयारी असेल तर काम अवघड नाही, पण शिस्तीचे आहे. कोडॅकच्या प्रीबाथमध्ये लिटरमागे २० ग्रॅम बोरॅक्स, १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट आणि १ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड असते. त्यातले सल्फेट अनेक जण अनावश्यक समजून वगळतात, आणि मग फिल्मवर काळे ठिपके का राहिले म्हणून विचारत बसतात. अल्कलीमुळे रेमजेटचा बंधक मऊ होतो. सल्फेट तो थर त्याच द्रावणात विरघळून पसरू देत नाही आणि जिलेटीनलाही जास्त फुगू देत नाही. म्हणजे कार्बन इमल्शनच्या बाजूला जाऊन रुतण्याची शक्यता कमी होते. साध्या खाण्याच्या किंवा धुण्याच्या सोड्याचे द्रावणही रेमजेट सोडवते, फक्त ते फार तीव्र, फार गरम किंवा फार वेळ नसावे. प्रीबाथ ओतून दिल्यावर टाकीत पाणी भरून ती जोरात हलवावी. पहिले पाणी शाईसारखे काळे येते. ते नितळ येईपर्यंत पाणी बदलत राहावे आणि मगच डेव्हलपर घालावा.

डेव्हलपरच्या तापमानात ढिलाई चालत नाही. सिनेमाच्या लॅब ते दशांश अंशाच्या आत सांभाळतात. घरी टाकी आणि बाटल्या स्थिर तापमानाच्या पाण्यात ठेवल्या, आणि आधीची शेवटची धुलाईही त्याच तापमानाच्या पाण्याने केली, की पुरेशी अचूकता साधते. डेव्हलपरनंतर आम्लयुक्त स्टॉप बाथ टाळू नये. ब्लीच आणि फिक्सर सी-४१ चे वापरले तरी चालतात, मात्र दोन्ही एकत्र असलेल्या ब्लिक्सपेक्षा वेगवेगळे घ्यावेत; त्यात चांदी पूर्ण निघण्याची खात्री अधिक असते. शेवटच्या धुलाईनंतर फिल्म टांगून, भिजवलेल्या मऊ स्पंजने फक्त बेसची बाजू वरून खाली हलक्या हाताने पुसावी, कारण उरलेला रेमजेट तिथेच असतो. ओल्या इमल्शनला बोटसुद्धा लावू नये. निगेटिव्हवर राहिलेला काळा कण प्रकाश अडवतो आणि चित्रात पांढरा ठिपका म्हणून उमटतो, त्यामुळे स्कॅनमध्ये पांढरे ठिपके विखुरलेले दिसले तर पहिला संशय रेमजेटवर घ्यावा. फिल्म वाळल्यानंतरही तो सौम्य क्षारयुक्त द्रावणात पुन्हा भिजवून काढता येतो. रंगीत डेव्हलपरमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घालणे ऐच्छिक मानू नये.

रेमजेट आधीच काढून विकल्या जाणाऱ्या फिल्मचा उल्लेख इथे आवश्यक आहे. सिनेस्टिल ८००टी ही मुळात ५००टीच, पण रेमजेटविना, सी-४१ मध्ये धुण्यासाठी भरलेली. रात्रीच्या दिव्यांभोवती तिच्यात जे लाल वलय दिसते, ते प्रकाश बेसच्या मागून परत आल्यामुळे उमटते. ते लालच का, याचे कारण थरांच्या क्रमात आहे: लाल प्रकाशाला संवेदनशील थर सर्वांत खाली, बेसला लागून असतो, आणि परतणारा प्रकाश सर्वप्रथम त्यालाच गाठतो. त्यामुळे ‘सिनेमाचा लाल प्रकाश’ म्हणून जे ओळखले जाते, ते प्रत्यक्ष सिनेमात दिसत नाही. रेमजेट नेमका ते रोखण्यासाठीच असतो. संरक्षक थर नसल्याने कोरड्या हवेत, वेगाने फिल्म गुंडाळणाऱ्या मोटारीच्या कॅमेऱ्यात अशा फिल्मवर स्थिर विद्युतच्या ठिणग्यांच्या खुणाही पडू शकतात, म्हणून ती सावकाश गुंडाळावी. २०२५ मध्ये कोडॅकने व्हिजन३ मधून रेमजेट काढून, हॅलेशन, म्हणजे असे वलय, रोखणारा थर इमल्शनच्या खाली देण्याचा बदल जाहीर केला. नव्या फिल्ममुळे काळ्या पाण्याचा त्रास संपेल, पण ती सीडी-३ साठीच बनलेली आहे, हे विसरू नये. हाती असलेला तुकडा जुना आहे की नवा याची शंका असेल, तर त्याची पाठ सोड्याच्या कोमट द्रावणात बोटाने चोळून पाहावी. रेमजेट असेल तर बोट काळे होईल.

मीटरचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. नावातला आकडा संवेदनशीलता सांगतो आणि अक्षर प्रकाशाचा प्रकार: ५०डी आणि २५०डी दिवसाच्या प्रकाशासाठी, २००टी आणि ५००टी ३२०० केल्विनच्या टंगस्टन दिव्यांसाठी. दिवसाच्या उजेडात ८५ क्रमांकाचा केशरी फिल्टर लावल्यास ५००टी ३२० वर आणि २००टी १२५ वर मोजावी. फिल्टर न लावता स्कॅनमध्ये रंग सुधारता येतो, पण तेव्हाही मी ३२० किंवा त्याहून कमीच ठेवतो, कारण दिवसाच्या प्रकाशात निळा थर भरभरून उमटतो आणि लाल थर उपाशी राहतो. दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त प्रकाश ही फिल्म सहज पचवते. एक स्टॉप कमी पडला तरी सावल्या पोकळ होतात. ज्यांना दिवसाच चित्रे काढायची आहेत, त्यांनी ५००टीच्या प्रसिद्धीमागे न जाता २५०डी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. रोल जुन्या कॅसेटमध्ये भरला असेल, तर त्या कॅसेटवरचा डीएक्स कोड (कॅमेऱ्याला आयएसओ सांगणारी खूण) पूर्वीच्या फिल्मचा असतो आणि स्वयंचलित कॅमेरा तोच वाचतो, हे तपासून घ्यावे. कोड नसलेली कॅसेट अनेक छोटे कॅमेरे आयएसओ १०० समजतात.

कृष्णधवलमध्ये हे सगळे ओझे नाही. कोडॅकची डबल-एक्स ५२२२ ही १९५९ पासून चालत आलेली फिल्म रेमजेटविना येते, दिवसाच्या प्रकाशात २५० आणि टंगस्टनमध्ये २०० वर मोजली जाते, आणि डी-७६ सारख्या कोणत्याही नेहमीच्या डेव्हलपरमध्ये धुता येते. सिनेमाच्या फिल्मशी पहिली ओळख करून घ्यायची असेल, तर तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. छपाईच्या पॉझिटिव्ह फिल्म मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. त्या अतिशय मंद असतात, आणि त्यांचा बेस पॉलिएस्टरचा असतो. ॲसिटेटची फिल्म अडकली तर फाटते. पॉलिएस्टर फाटत नाही, त्यामुळे ताण कॅमेऱ्याच्या दात्यांवर येतो. शिवाय पॉलिएस्टरचा पारदर्शक बेस बाहेर आलेल्या टोकातून प्रकाश आत वाहून नेतो आणि कॅसेटमधली फिल्मही धूसर करतो. नाजूक जुन्या कॅमेऱ्यात ती घालू नये.

भरण्याचा हिशेब असा: एका फुटात ६४ छिद्रे, म्हणजे स्थिर कॅमेऱ्याच्या आठ फ्रेम. ३६ फ्रेमना साडेचार फूट, आणि दोन्ही टोकांचे धरून सव्वापाच फुटांच्या आसपास फिल्म लागते. म्हणजे १०० फुटांत १८-१९ रोल होतात. बल्क लोडर (मोठ्या रिळातून कॅसेट भरण्याचे साधन) बहुधा १०० फुटांचाच असतो, त्यामुळे ४०० फुटांचे रीळ आधी पूर्ण अंधारात वाटून घ्यावे लागते, आणि ते करताना इमल्शन आतल्या बाजूला राहील याची काळजी घ्यावी. कॅसेटच्या मखमली फटीत जुना कण असेल तर तो सगळ्या रोलवर एक लांब सरळ ओरखडा काढतो, म्हणून तीच कॅसेट वारंवार वापरू नये. फिल्मच्या कडेला स्थिर फिल्मसारखे फ्रेमचे क्रमांक नसतात. तिथे फुटांनुसार छापलेला कीकोड असतो, आणि तो प्रत्येक फ्रेमशी जुळत नाही. प्रिंट किंवा स्कॅन मागवताना हे ध्यानात ठेवावे.

न वापरलेली फिल्म १३ अंशांच्या खाली ठेवावी, दीर्घ काळासाठी उणे १८ अंशांवर, आणि डबा उघडण्यापूर्वी तो बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाही तर थंड फिल्मवर बाष्प धरते. चित्रे काढून झालेला रोल मात्र साठवू नये, लवकर धुवावा. भरताना प्रत्येक कॅसेटवर फिल्मचा क्रमांक, भरल्याची तारीख आणि ‘ईसीएन-२, रेमजेट आहे’ ही सूचना न पुसणाऱ्या शाईने लिहावी, कारण तो रोल तुमच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला, तर त्या माणसाला सावध करणारे दुसरे काहीही कॅसेटवर नसते.